मावळ्याचा पोशाख, शिवज्योत आणि लहान मुले: पालकांनी काय पाहावे?

राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा अंगणात असलेल्या भोर-वेल्हे भागात शिवजयंतीला मुलांना मावळा किंवा जिजाऊ होण्याची हौस असते. 19 फेब्रुवारीला शाळेत आणि फाल्गुन वद्य तृतीयेला गावात, असा तोच पोशाख दोनदाही अंगावर चढतो. हौस जरूर पुरवा. फक्त पोशाख घेताना एक प्रश्न विचारा: हे कपडे घालून मूल पेटत्या मशालीजवळ जाणार आहे का?

बाजारातील तयार पोशाख बहुतेक सॅटिन किंवा पॉलिस्टरचे असतात. असे कापड पेटल्यावर वितळते आणि कातडीला चिकटते, त्यामुळे जखम खोल होते. सुती कापड वितळत नाही, पण पेटते. सैल, झिरझिरीत असेल तर चटकन पेटते. म्हणून जाड विणीचा, अंगाबरोबर बसणारा सुती अंगरखा बरा. शेला मागे लोंबता न ठेवता कमरेला बांधा. संत किंवा म्हातारबुवा करताना चिकटवलेली कापसाची दाढी आगीच्या दृष्टीने सर्वांत वाईट. दाढी-मिशा पेन्सिलने रंगवा. फेविक्विकसारखा गोंद चेहऱ्याला कधीच नको. रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा, खाज किंवा लाली आली तर वापरू नका.

शिवज्योत आणणाऱ्या तरुणांबरोबर लहान मुले हौसेने धावतात. मशाल मोठ्यांच्याच हातात असावी आणि पोशाखातले मूल तिच्यापासून चार हात लांब असावे. जळत्या मशालीत रॉकेल ओतणे तर कुणीच करू नये. दिवाळीत किल्ल्यावर पणत्या मांडतानाही हाच नियम, कारण तिथे मुले वाकून बसलेली असतात.

कपडे पेटले तर

मुलाला पळू देऊ नका. जमिनीवर आडवे करून लोळवा किंवा जाड सुती गोधडीत गुंडाळा. आग विझल्यावर भाजलेल्या भागावर साधे, वाहते पाणी 20 मिनिटे सोडा. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा; बाकीचे अंग मात्र कोरडे आणि उबदार ठेवा. बांगड्या, कडे, कमरपट्टा सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. चेहरा, हात, पाय किंवा जननेंद्रिय भाजले असेल, किंवा जखम मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर स्वच्छ कापड झाकून 108 ला फोन करा.

दिव्यांची मशाल निर्धोक आहे का?

हा धोका टाळायला आता अनेक घरी एलईडीची मशाल, चमकणारा जिरेटोप किंवा दिव्यांची तलवार घेतली जाते. आगीचा प्रश्न मिटतो खरा, पण आत बटणाएवढा चपटा सेल असतो, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या आवरणाशी वीज वाहून तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. मूल सुरुवातीला अगदी बरे दिसू शकते. लाळ गळणे, जेवण नको म्हणणे, खोकला, छातीत दुखणे ही लक्षणे नंतर येतात, कधी येतही नाहीत.

म्हणून सेलचे झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच वस्तू घ्या. ते नुसते सरकवून उघडत असेल तर दुकानातच ठेवा. कार्यक्रम झाल्यावर सेल काढून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, संपलेलाही. घरातील धाकट्या भावंडावर विशेष लक्ष असू द्या. पोशाख थोरल्याचा असतो, सेल तोंडात घालते धाकटे.

सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच निघा. उलटी करवू नका, केळे-भात भरवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गेल्या बारा तासांत गिळला असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा; मात्र मध शोधण्यात वेळ घालवू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी एक्स-रे काढून मागा. सेल अन्ननलिकेत दिसला तर तो दुर्बिणीने तातडीने काढावा लागतो, आणि त्यासाठी बहुधा पुणे गाठावे लागते. घाटरस्त्यांचा वेळ धरता सकाळपर्यंत वाट पाहणे परवडत नाही. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी तितकीच घाई करा. पाणी किंवा थेंब घालू नका.