क्लोजिंगचा दिवस

सकाळी ७.३०, सांगली. ३० सप्टेंबर. महिनाही संपतोय आणि तिमाहीही. मॅनेजरचा मेसेज येऊन पडलाय : "आज प्राइमरी किती?" प्राइमरी म्हणजे औषध कंपनीने स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक वितरकाच्या, नावे बिल केलेला माल; तेवढीच आम्हा एमआरची, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची, विक्री. इन्सेंटिव्ह त्याच्यावर.

९.३०, मिरज. ओपीडी सुरू व्हायच्या आत तीन डॉक्टर. प्रत्येकाकडे दोन मिनिटं.

१२.००. केमिस्टच्या काउंटरवर कोणत्या डॉक्टरने काय लिहिलं याची नोंद. इथे चिठ्ठी आली नाही तर माल एक्स्पायर होऊन परत येतो, आणि ती रक्कम माझ्याच विक्रीतून वजा होते.

३.३०, स्टॉकिस्ट. खरा दिवस इथे. तिमाहीचं टार्गेट १२ लाख, झालेत ११ लाख २८ हजार, म्हणजे ९४ टक्के. आमचा स्लॅब ९५ पासून सुरू होतो : ९ हजार रुपये. त्याखाली शून्य. अडलंय ते १२ हजारांच्या बिलावर.

"काका, एक ऑर्डर द्या."

"अरे, मागच्या कफ सिरपचे बॉक्स अजून फोडले नाहीत. कुठे ठेवू?"

रॅकवर बॉक्स खरंच तसेच होते, पट्टीसकट. स्टॉक स्टेटमेंट घेऊन बसलो. अँटासिड आठवडाभराचंच उरलं होतं. त्याची ऑर्डर निघाली, ७ हजारांची. त्यापुढे काकांना गळ घालणं मला पटत नाही. न खपणारा माल त्यांचे पैसे अडकवतो.

६.००. ९४.५८ टक्के. तीन महिन्यांचा इन्सेंटिव्ह शून्य. ११ लाख ३५ हजारांचा धंदा कंपनीला मिळाला, तरीही. ही रचना मला अन्यायाची वाटते. जितकी विक्री तितका वाटा, असं असायला हवं.

८.३०. डेली रिपोर्ट भरला. हाती उरला बेसिक. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही शेवटी टिकतो तोच. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने विक्रीवरचं कमिशन हिशेबात धरलं नव्हतं. २०१९ च्या वेतन संहितेतही ते वेतनाबाहेरच आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तरच वरचा भाग वेतन धरतात.

या लाइनमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींनो, ऑफर लेटरवरचा मोठा आकडा बघून सही करू नका. फिक्स्ड किती, स्लॅब कुठून सुरू, एक्स्पायरी कोणाच्या नावावर, नोकरी सोडली तर चालू तिमाहीचं काय, हे लेखी मागून घ्या.