झाकल्या मुठीचा भाव

एकीकडे मोटारी बनवणारी अवाढव्य कंपनी, दुसरीकडे तिला एकच पार्ट पुरवणारा छोटा व्हेंडर. रेट कोण ठरवणार? कंपनीच, असं आपण धरून चालतो. पण व्हेंडरच्या मुठीत एक गोष्ट झाकलेली असते: तो पार्ट बनवायला त्याला खरोखर किती खर्च येतो.

आकडे मांडून पाहू. पार्ट कंपनीला 100 रुपये मोलाचा आहे. व्हेंडरचा खर्च 60 असेल किंवा 90, दोन्हींची शक्यता सारखीच. कंपनी एकच भाव सांगणार, पटला तर द्या, नाहीतर राहू द्या. तिने 90 म्हटलं की सौदा नक्की, पण तिला सुटणार 10 रुपये. आणि ज्याचा खर्च 60 आहे तो नुसतं गप्प राहून 30 रुपये खिशात घालणार. 60 म्हटलं तर निम्मे सौदे फिसकटतील, पण जमलेल्या प्रत्येकात 40 सुटतील. दहा सौद्यांमागे पहिल्या वाटेने 100, दुसरीने साधारण 200. म्हणजे शहाणी कंपनी 60 वरच अडून बसणार आणि दोघांच्याही फायद्याचे सौदे डोळ्यांदेखत मोडणार! यात हट्ट कुणाचाच नाही. हिशेबच तसा आहे.

मग लिलाव, सीलबंद निविदा, मध्यस्थ, असं काही केलं तर? 1983 मध्ये रॉजर मायरसन आणि मार्क सॅटर्थवेट यांनी गणिताने दाखवलं, की गुपित दोन्ही बाजूंना असेल आणि सौद्यात फायदा आहेच याची आधी खात्री नसेल, तर फायद्याचा प्रत्येक सौदा जुळवून आणणारी पद्धत असूच शकत नाही; बाहेरून कुणी पदरचे पैसे घातले किंवा सक्ती केली तरच ते जमेल. अजून सापडली नाही असं नव्हे, सापडणारच नाही. मला हे वाचून आजही चक्रावल्यासारखं होतं.

दांडगाईने मूठ उघडत नाही. टोयोटाने निराळा मार्ग धरला. डेन्सो ही 1949 साली तिच्यातूनच वेगळी झालेली कंपनी, आणि टोयोटाच्या गाड्यांतले विजेचे-इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट मुख्यतः तिच्याकडचेच. गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स वाढत गेलं तसं टोयोटाला स्वतःला त्यातलं कळेनासं होण्याची भीती होती. म्हणून 1989 मध्ये तिने हिरोसे इथे स्वतःचा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना सुरू केला. सगळी गरज तिथून भागवायची नव्हतीच. तंत्र हाती यावं हा हेतू होता, पण त्यासोबत आलं ते खर्चाचं ज्ञान. जो पार्ट आपण स्वतः बनवतो, त्याच्या कोटेशनमध्ये हवा किती भरलीय हे लगेच समजतं. घासाघिशीत बाजू भक्कम करायला उपयोगी पडणारी इतकी महागडी गोष्ट दुसरी क्वचितच कुणी उभारली असेल.

2020 मध्ये हिरोसेचं काम टोयोटाने डेन्सोच्याच हवाली केलं. तेच काम दोन ठिकाणी कशाला, असा विचार झाला. यंत्रं गेली, माणसं गेली. तिथल्या खर्चाचा टोयोटाचा अंदाज किती वर्षं अचूक राहतो, याची मला फार उत्सुकता आहे.