रॅकमधील वीजवाटपाची नोंद

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई या भागांतील वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी डेटा सेंटरांस बॅटऱ्या व डिझेल जनित्रे यांचा आधार असतो. परंतु तो आधार सर्व्हरपर्यंत पोहोचतो रॅकमध्ये बसविलेल्या एका वीजवाटप-पट्टीतून. तिलाच पीडीयू म्हणतात. सामग्रीची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीत या पट्टीचे यथार्थ चित्र कसे उतरवावे, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही.

सर्व्हरची नोंद करताना त्याने रॅकमधील किती घरे व्यापली हे लिहितात. पट्टी बहुधा रॅकच्या मागील बाजूस उभी असते व एकही घर अडवीत नाही. म्हणून तिची उंची शून्य धरावी लागते. तिचे खरे स्वरूप जोडणीत आहे. वीज घेणारे एक टोक आणि वीज देणारी अनेक सॉकेटे, ही तिची दोन अंगे होत. २०१६ साली सर्वांस खुल्या झालेल्या ‘नेटबॉक्स’ या आज्ञावलीत ही अंगे पृथक् मानली आहेत. कोणते सॉकेट कोणत्या टोकावर व तीन फेजांपैकी कोणत्या फेजवर चालते, हे तीत नोंदविता येते. त्यायोगे सर्व्हरपासून वितरण-फलकापर्यंतची साखळी सलग शोधता येते.

महत्त्वाच्या सर्व्हरला दोन पट्ट्यांतून वीज देतात. येथेच नोंदीची खरी कसोटी लागते. २३० व्होल्ट व ३२ अँपियरच्या एका पट्टीची क्षमता ७,३६० व्होल्ट-अँपियर होय. सततच्या भारासाठी ८० टक्क्यांची मर्यादा पाळल्यास ५,८८८ उरतात. समजा, दोन्ही पट्ट्यांवर प्रत्येकी ५,५०० इतका भार आहे. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे सुरक्षित दिसते. परंतु एक बंद पडताच दुसरीवर ११,००० व्होल्ट-अँपियर, म्हणजे सुमारे ४८ अँपियर, येतात. मग तिचाही सर्किट ब्रेकर पडतो व सारा रॅक बंद होतो.

संगमेश्वर येथे सोनवी नदी शास्त्रीस मिळते. दोन्ही नद्यांचे पाणी निरनिराळे मोजून संगमाखालील पात्रास ते पेलेल की नाही, हे ठरत नाही. बेरीज करावीच लागते. पट्ट्यांच्या जोडीचेही तसेच आहे. म्हणून नोंदीत दोन्ही पट्ट्या परस्परांशी जोडून दाखवाव्यात, आणि त्यांच्या भारांची बेरीज एकाच पट्टीच्या मर्यादेत राहते की नाही, हे नवा सर्व्हर बसविण्यापूर्वी तपासावे. दुसरी पट्टी संकटकाळी खरोखर उपयोगी पडेल की नाही, हे त्या बेरजेवर अवलंबून आहे.