पेपर छापला, पुढे काय? लॅबमधलं संशोधन पेशंटपर्यंत कसं पोचतं

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये रेंज गेली किंवा ऐकता ऐकता स्टेशन आलं, तर इथे निवांत वाचा.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. बीटेकच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी एक अ‍ॅप केलं होतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं की ते नाडीचे ठोके मोजणार. कॉलेजात बक्षीस मिळालं. त्याच जोशात मी ते एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. किती पेशंटवर तपासलंस? रोज, प्रत्येक वेळी असंच चालेल का? आणि चुकलं तर जबाबदार कोण?

पहिल्याचं उत्तर होतं, हॉस्टेलमधली अकरा पोरं. बाकी दोन प्रश्नांना उत्तरच नव्हतं. अ‍ॅप तिथेच संपलं.

पुढे कळलं की वैद्यकीय संशोधन लॅबबाहेर येताना हेच प्रश्न आडवे येतात. त्यांची उत्तरं शोधलेली एक गोष्ट आपल्या मुंबईतच आहे. पवई ते परळ, मध्ये खारघर.

कार-टी म्हणजे काय?

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. शरीराचे पहारेकरीच म्हणा. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघडलेल्या पेशी त्यांना ओळखूच येत नाहीत. म्हणून डॉक्टर पेशंटच्या टी-पेशी बाहेर काढतात. लॅबमध्ये एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत नवा जीन घालतात. आता ती पेशी सीडी१९ नावाची खूण असलेल्या पेशीला बरोबर हेरते. अशा पेशी वाढवायच्या आणि त्याच पेशंटला परत द्यायच्या.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कार्ल जून यांच्या टीमने यावर वर्षानुवर्षं काम केलं. २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला ही थेरपी मिळाली आणि तिचा ल्युकेमिया गेला. त्याच वर्षी विद्यापीठाने नोव्हार्टिसशी करार केला. तरी बाजारात यायला ऑगस्ट २०१७ उजाडलं. किंमत? ४,७५,००० डॉलर.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची कार-टी बनवायला घेतली. आता डॉक्टरांचे प्रश्न लावून बघू.

किती पेशंटवर तपासलं?

उंदरावर चाललं म्हणजे माणसावर चालेल असं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय' याला इथे काही किंमत नाही. आयआयटीकडे कॅन्सरचं हॉस्पिटल नाही, म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांशी हातमिळवणी झाली. चाचणीसाठी सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाकडून आणि बायरॅककडून १९.१५ कोटी रुपये मिळाले. जून २०२१ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या पेशंटला थेरपी दिली गेली.

पुढे दोन टप्प्यांत एकूण ६४ पेशंट चाचणीत आले. निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीमध्ये छापून आले. ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी सुमारे ७३ टक्के जणांत कॅन्सर कमी झाला किंवा दिसेनासा झाला. हे सगळे असे पेशंट होते ज्यांच्यावर आधीचे उपचार फसले होते किंवा आजार उलटला होता. पण जादू नाही बरं का. अनेकांच्या रक्तपेशी घटल्या, काहींना गंभीर त्रास झाला, आणि प्रत्येकाला फायदा झाला नाही.

रोज असंच चालेल का?

सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की लाख लोकांना कॉपी देता येते. इथे कॉपीच नाही! प्रत्येक पेशंटची बॅच वेगळी, कारण पेशी त्याच्याच. एक बॅच दूषित झाली तर आधीच थकलेल्या माणसाला पुन्हा थांबायला सांगावं लागतं, आणि त्याच्याकडे तेवढा वेळ असेलच असं नाही. त्यामुळे निर्जंतुक खोल्या, प्रशिक्षित माणसं, प्रत्येक पायरीची नोंद, सगळं काटेकोर लागतं. पीएचडीचा विद्यार्थी एकदा हे करून दाखवू शकतो. वर्षानुवर्षं करत राहणं हे लॅबचं काम नाही.

चुकलं तर जबाबदार कोण?

म्हणूनच कंपनी लागते. प्राध्यापकाचं काम शिकवणं आणि शोधणं. विद्यार्थी डिग्री घेऊन निघून जातात. परवाना घेणारा, गुणवत्तेची हमी देणारा आणि पुढेही पेशंटवर लक्ष ठेवणारा कोणीतरी कायम जागेवर हवा. २०१८ मध्ये आयआयटीच्याच इन्क्युबेटरमधून इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी उभी राहिली. २०२१ मध्ये लॉरस लॅब्जने तिच्यात सुमारे ४६ कोटी गुंतवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीडीएससीओने, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकाने, नेक्सकार१९ या नावाने थेरपीला मंजुरी दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन तिचं लोकार्पण केलं.

आता हिशोब बघा. लॅबमध्ये कल्पना, सरकारचा पैसा, हॉस्पिटलचे पेशंट, कंपनीचं भांडवल, नियंत्रकाची मंजुरी. यातली एक कडी तुटली असती तर हाती उरला असता फक्त एक चांगला पेपर.

चौथा प्रश्न

डॉक्टरांनी मला न विचारलेला एक प्रश्न उरतोच. परवडेल कोणाला?

परदेशात ही थेरपी तीन-चार कोटींच्या घरात जाते. इथे ती साधारण ३० ते ४० लाखांत आली. महागडा विषाणू-वाहक बाहेरून न आणता इथेच बनवला, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणजे स्वस्ताई नंतर डिस्काउंट म्हणून आली नाही, ती डिझाइनमध्येच होती. तरीही ४० लाख म्हणजे अनेकांचं घर किंवा शेत. आयुष्मान भारतची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. मधलं अंतर अजून कोणीतरी भरून काढायचंय.

तुमच्यापैकी कोणी मेडिकलला असेल, कोणी फार्मसीला, कोणी माझ्यासारखं कोड लिहीत असेल. हेल्थमधली एखादी कल्पना सुचली तर पिच डेक नंतर बनवा. आधी एका डॉक्टरासमोर बसा आणि हे चार प्रश्न स्वतःच काढा. फजिती होईल, पण लवकर होईल. मला तो चहा आजही आठवतो, आणि त्या डॉक्टरांचे आभार मानायचे राहून गेलेत.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर ऐकत राहा, आणि हा भाग त्या एका मित्राला पाठवा जो म्हणतो, 'आपण हेल्थमध्ये काहीतरी करू यार!'