टाइटा कस्तूर

पॅसेरिफॉर्मीस गणाच्या टर्डिडी कुलातील एक दुर्मिळ गाणारा पक्षी. शास्त्रीय नाव टर्डस हेलेराय. सह्याद्रीतील कस्तूर याच वंशातला; टाइटा कस्तूर मात्र आग्नेय केन्यातील टाइटा टेकड्यांखेरीज जगात कोठेही आढळत नाही. एडगर मर्न्झ यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन करून त्यास एडमंड हेलर या अमेरिकन निसर्गवैज्ञानिकाचे नाव दिले. पुढे दीर्घकाळ तो ऑलिव्ह कस्तुराची उपजाती समजला जाई.

याची लांबी सु. २०–२२ सेंमी. असते. डोके व छाती काळसर, पाठ गडद करडी, पोट पांढरे व कुशी तांबूस असतात. चोच आणि डोळ्यांभोवतीचे कडे नारिंगी असल्याने दाट सावलीतही तो ओळखू येतो. जमिनीवर पडलेला पालापाचोळा उलटवून तो कीटक टिपतो व फळेही खातो. खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर पडत असल्याने वनाच्या पुनरुज्जीवनास त्याचा हातभार लागतो.

त्साव्होच्या कोरड्या मैदानातून एकदम वर आलेल्या या टेकड्यांवर हिंदी महासागरावरून येणाऱ्या बाष्पामुळे धुक्याची अरण्ये वाढली. शेतीसाठी त्यांतील बहुतेक तोडली गेली. काही ठिकाणी पाइन व निलगिरी लावण्यात आले. आता हा पक्षी मुख्यतः म्बोलोलो (सु. २०० हेक्टर), न्गांगाओ (सु. १२० हेक्टर) आणि चाविया (सु. ९० हेक्टर) या तीन वनखंडांत उरला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या अंदाजानुसार त्यांची एकूण संख्या सु. १,३५० होती, पैकी बहुसंख्य म्बोलोलोत, तर चावियात चाळीसहून कमी.

ही अंतरे काही किलोमीटरचीच. पंख असलेल्या प्राण्याला ती अडवतील असे वाटत नाही; पण हा पक्षी अरण्याची सावली सोडून मक्याच्या उघड्या शेतांवरून सहसा जात नाही. म्बोलोलो तर सु. ९०० मी. उंचीवरील कोरड्या दरीने इतर दोहोंपासून तुटलेले आहे. परिणामी प्रत्येक गट एकाकी पडतो. सर्वांत लहान व बिघडलेल्या चाविया वनातील पक्ष्यांच्या डाव्या-उजव्या पायांच्या लांबीतील तफावत अधिक आढळली. वाढीच्या काळात पिलांवर पडलेल्या ताणाचे ते लक्षण होय. संख्या घटल्याचे ध्यानी येण्याआधीच ते दिसू शकते, हे याचे विशेष महत्त्व. तोड झालेल्या वनांत फळे खाणारे पक्षी कमी होतात, तेव्हा झायमॅलॉस मोनोस्पोरा या वृक्षाच्या बियांचा प्रसारही मंदावतो.