न झालेली जखम

कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाला जुनी माणसं आजही थोरला दवाखाना म्हणतात. छत्रपती प्रमिलाराजे हे नाव नंतरचं. संस्थानी काळात ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. १८८६ साली संस्थानाने इथला स्त्रियांचा वॉर्ड डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या हाती द्यायचं ठरवलं. त्या अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतल्या, पण क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर इथे आल्या. आजारी बाईला आपलं दुखणं मोकळेपणी सांगता येईल असं माणूस दवाखान्यात हवं, हे कोल्हापूरने फार लवकर ओळखलं होतं.

पण डॉक्टर तपासून पुढच्या खाटेकडे जातात. मग रुग्णाजवळ उरते ती सिस्टर. परक्याचं अंग पुसणं, त्याचं भांडं देणं-घेणं हे घरंदाज घरांना कमीपणाचं वाटे, त्या काळात मिरजेत डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका तयार होऊ लागल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा मुलींना ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळवून दिलं. आपल्याकडच्या शुश्रूषेचा पाया या बायकांनी घातला, आणि त्यातल्या बहुतेकींची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

या कामाचं मोठेपण चटकन दिसत नाही, कारण त्यातलं बरंचसं यश म्हणजे न घडलेल्या गोष्टी. बेडसोर घ्या. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, टाच, खुबा, डोक्याची मागची बाजू अशा हाडाच्या जागी कातडी गादी आणि हाड यांच्यात चेपते. तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांतच आतलं मांस मरायला लागतं. सुरुवातीला दिसतो तो फक्त एक लालसर डाग. बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर सिस्टर सावध होते. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हात लावून ऊब आणि टणकपणा जाणून घ्यावा लागतो. दुर्लक्ष झालं तर ही जखम हाडापर्यंत जाते, आणि मूळ आजारातून वाचलेला माणूस तिच्यातल्या जंतुसंसर्गाने दगावू शकतो.

उपाय सांगायला सोपा आहे: साधारण दर दोन तासांनी कूस बदला. करायला तो किती कष्टाचा! रुग्णाला ओढायचं नाही, ओढलं की कातडी घासते. खालच्या आडव्या चादरीसकट दोघींनी त्याला उचलून सरकवायचं. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा चुरा पाठीखाली गेला तरी तो झटकून काढायचा. हे रात्री दोनलाही करायचं आणि पहाटे चारलाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. सरकारी वॉर्डात एकेकीकडे याहून कितीतरी जास्त खाटा असतात, आणि हे आपण चालवून घेतो याचं मला वाईट वाटतं.

ही सेवा कुठवर जाऊ शकते, ते मुंबईच्या केईएम रुग्णालयात दिसलं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ ला निधन होईपर्यंत सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना न्हाऊ-खाऊ घातलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर झाला नसल्याचं न्यायालयासमोर आलं होतं. वैद्यकाच्या इतिहासात याला मोठं स्थान मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सीपीआरसारख्या दवाखान्यात रुग्ण एकटा येत नाही. गगनबावड्याहून, चंदगडहून, कोकणातून, सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातून माणसं येतात. आत एकाला सोडतात, बाकीची व्हरांड्यात डबा उशाशी घेऊन बसतात. भुकेपेक्षा त्यांना काळजीच जास्त खाते. "पेशंटजवळ कोण हाय?" अशी आतून हाक आली की सगळीच धडपडून उठतात. अशा वेळी, "घाबरू नका मावशी, ताप उतरलाय, फक्त सलाईन बदलायचीय," एवढं सिस्टरने म्हटलं तरी त्या घराची रात्र निभते. बरं-वाईट काय ते आपल्या बोलीत आणि विचारण्याआधी सांगणं, हे औषध वेळेवर देण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

डिस्चार्जच्या दिवशी तर घरच्यांनाच सिस्टर व्हायचं असतं. अर्धांगवायूचा रुग्ण घरी निघाला की चांगली सिस्टर सुनेला आणि मुलाला खाटेशी बोलावते आणि त्यांच्याच हातून कूस बदलून घेते. लाल झालेली जागा चोळू नका, आतलं मांस आणखी दुखावतं, असं बजावते. भरवताना डोकं वर, आणि घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. कातडी फाटली, पाणी सुटलं, वास आला किंवा ताप चढला, तर घरगुती लेप लावत बसायचं नाही. मिळेल त्या गाडीने त्याच दिवशी दवाखान्यात आणायचं.