स्टेंट बसला, आजार उरला

एलएडी या हृदयाच्या रक्तवाहिनीत ९० टक्के ब्लॉक. अँजिओग्राफीच्या अहवालातला हा आकडा वाचून अख्खं घर हादरतं. स्टेंट बसतो, पेशंट चालत घरी येतो आणि वर्ष-दोन वर्षांत ‘आता काहीच त्रास नाही’ म्हणत गोळ्या आपणच बंद करतो. घात होतो तो इथे.

स्टेंट असतो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. चरबी मात्र हृदयाच्या इतर रक्तवाहिन्यांच्या अस्तराखालीही वर्षानुवर्षं साचत आलेली असते. निम्मीच वाट अडवणारा एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. अहवालात ‘किरकोळ’ ठरलेला ब्लॉक असा जिवावर उठू शकतो.

झटका आलेला असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते; तेव्हा क्षणही दवडू नये. स्थिर आजाराचं गणित वेगळं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असलेल्यांना त्यातून वगळलं होतं. औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने तीनेक वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत; वारंवार छातीत दुखणाऱ्यांना मात्र आराम पडला. याउलट १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४,४४४ हृदयरुग्णांपैकी ज्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी मिळाली, त्यांच्यातले मृत्यू पाचेक वर्षांत ३० टक्क्यांनी घटले.

औषधांचं हे महत्त्व आपल्याला जास्त लागू आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी. कारणं ओळखीचीच: तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब, सुटलेलं पोट, ताण, बैठं जगणं. आणि तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे. चुना लावून मळलेली चिमूट आणि सकाळची मिश्रीसुद्धा त्यातच आली.

म्हणून पुढच्या फॉलोअपला तीन आकडे विचारा: एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि एचबीए१सी म्हणजे साखरेची सरासरी. ब्लॉक असलेल्यांचं एलडीएल निदान ७० च्या खाली हवं. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. खर्च झेपत नसेल तर तेही त्यांना मोकळेपणाने सांगा. जेनेरिक पर्याय मिळतात. गोळी परस्पर बंद करणं हा पर्याय नाही.